डावखुरा हीरो

माझी फजिती सगळ्या हिंगणघाटाला माहीत आहे, मग तुम्हीच तेवढे कसे सुटणार? चहा उकळेपर्यंत ऐकून घ्या. आधीच सांगते, यात चूक माझी होती. पण राग मला आजही येतो, आणि तो माझ्या चुकीवर कमी, बाकीच्या जगावर जास्त येतो.

मी डावखुरी आहे.

तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. तुम्ही उजवे आहात ना, म्हणून. कात्री तुमची, शिलाई मशीनचं चाक तुमच्या बाजूला, कॉलेजातल्या खुर्चीची लिहायची फळी तुमच्या बाजूला. आम्ही आपलं अंग पिळून तीन वर्षं नोट्स काढायच्या आणि वर ऐकायचं की पोरीची बसायची पद्धत बरी नाही.

मी मूळची समुद्रपूरची. लहानपणी जेवायला बसले की आई माझा डावा हात रुमालानं फ्रॉकच्या पट्ट्याला बांधून टाकायची. शाळेत बाई बोटांवर पट्टी मारायच्या. का मारता, असं विचारलं तर त्याचीही पट्टी बसायची. सगळ्या गावात डाव्या हातानं जेवणारं, लिहिणारं दुसरं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, मी घडताना कुणीतरी घाई केली असावी.

आणि मग मला तो भेटला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कापूस वेचणीचा हंगाम आटोपला की आमच्याकडे फिरती टॉकीज यायची. मोठा तंबू, आत पडदा, खाली जमीन. घरून बसायला पोतं न्यायचं. मला सिनेमाला नेणारं माणूस एकच, माझी कौसल्या आत्या. गल्लीतल्या सगळ्या बायापोरांची ती पुढारी होती. गडी बिड्या ओढतात, शिट्या मारतात, म्हणून ती आम्हाला बायकांच्या बाजूला घेऊन बसायची. तिथे धूर नाही, गर्दी नाही, हवा मोकळी. पडद्यावर नावं यायला लागली की मी विचारायची, आत्या, काय लिहिलं आहे गं? कारण नुकतीच मुळाक्षरं शिकलेली मी, आणि मला त्यातलं एक अक्षर ओळखू यायचं नाही. आत्या म्हणायची, इंग्रजी आहे ते, तू घोडा पाहा.

तंबूत देवादिकांचे सिनेमे जास्त यायचे. देवांना चार-चार हात, त्यामुळे कोण कुठल्या हातानं काय करतो याचा पत्ता लागायचा नाही. पण एकदा डाकूंचा सिनेमा आला. घोड्यावरून हीरो आला, त्यानं कमरेचं पिस्तूल काढलं आणि डाव्या हातानं धाडकन गोळी घातली.

मी पोत्यावरून उभी राहिले. मागच्या बायकांनी ओढून खाली बसवलं. पुढे तर कमालच झाली. हीरो घरी आला, आईनं ताट वाढलं आणि तो डाव्या हातानं जेवायला लागला. त्याच्या आईनं काय करावं? पट्टी आणावी? रुमाल आणावा? तिनं पदरानं त्याला वारा घातला.

तेवढा एक प्रसंग मी कितीतरी वर्षं जपून ठेवला होता. आई हात बांधायला लागली की मी मनातल्या मनात तो वारा घ्यायची. त्या सिनेमातला खलनायक मात्र पक्का उजवा होता. गोळी उजव्यानं, चाबूक उजव्यानं, दारूचा पेला उजव्यानं. मी मनाशी नोंद करून ठेवली.

पुढे शिकायला हिंगणघाटला आले आणि पक्क्या थेटरात सिनेमे पाहिले. तिथे सगळे हीरो उजवे. मी त्यांना कधी मनापासून मानलंच नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हिंगणघाटच्याच एका वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून लागले. वाचनालयात लोक वाचायला येतात असा तुमचा समज असेल तर तो ठेवा, चांगला आहे. आमच्याकडे लोक पंख्याखाली बसायला यायचे, एसटी कधी सुटते ते विचारायला यायचे, भांडण झालं की बायकोपासून लपायला यायचे. एका सभ्य गृहस्थानं खूण म्हणून कादंबरीत पापड ठेवला होता, तोही भाजलेला. दुसरा एक रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहून ठेवायचा. यातलं काहीही कुणाला विचित्र वाटायचं नाही. पण मी डाव्या हातानं पुस्तकावर शिक्का मारला की माणसं आपलं बोलणं थांबवून बघायची. एक बाई तर म्हणाल्या, हे पुस्तक शकुन म्हणून वाचायचं आहे, जरा सुलट्या हातानं द्या.

आता सांगा, संतापायचं नाही तर काय करायचं?

अशात रंजूचं प्रकरण घडलं. रंजू म्हणजे आमच्या वाचनालयात तिच्या आजीबरोबर येणारी सात-आठ वर्षांची पोरगी. आजी पोथ्या घ्यायला यायची, रंजू बालविभागात चित्रं काढत बसायची. एक दिवस ती डाव्या हातानं हत्ती काढत होती आणि आजीनं मागून येऊन हातावर सणसणीत चापट मारली. हत्तीची सोंड पार कागदाबाहेर गेली. मी काउंटर सोडून तिथे गेले आणि विचारलं, काय केलं हो तिनं?

"डाव्यानं लिव्हते, डाव्यानं जेवते," आजी म्हणाली. "उद्या सासरी लोकं आमाले नावं ठेवतीन. तुमचं काय जाते, म्याडम?"

माझं काय जातं ते मला तिथे उभ्याउभ्या सांगता आलं नाही. म्हणून मी ते वार्षिकोत्सवात सांगितलं.

वार्षिकोत्सवाला आमचे अध्यक्ष ग्रंथपालाला दोन शब्द बोलायला लावत. ते कापडाचे व्यापारी, शांत माणूस. मला म्हणाले, बाई, काही हलकंफुलकं बोला, लहानपणचे सिनेमे वगैरे, लोकांना बरं वाटते. मीही तसंच ठरवलं होतं. तंबू, पोतं, शेंगदाणे, लोक छान हसत होते. तेवढ्यात मला पहिल्या रांगेत रंजू दिसली. आजीशेजारी ती आपला डावा हात मांडीखाली दाबून बसली होती.

झालं. माझं डोकंच फिरलं. मी माइक हातात घेतला, अर्थात डाव्या, आणि सिनेमाचं नाव घेऊन हीरोची गोष्ट सांगितली. एवढा शूर माणूस डावा, त्याची आई त्याला पदरानं वारा घालते आणि आपण पोरांचे हात बांधतो. मग माझी गाडी खलनायकावर आली. तो उजवा होता, म्हटलं, यावरून काय ते समजून घ्या.

सभागृहात दोन-अडीचशे उजवी माणसं बसलेली. टाळी वाजवावी की नाही ते कुणाला कळेना.

तेवढ्यात झाडे गुरुजी उठले. हे निवृत्त मुख्याध्यापक, आमचे रोजचे वाचक. वर्तमानपत्र नावापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचणारे. त्यांच्या शब्दाला गावात मान होता. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, की वर्ध्याला शिकवत असताना हा सिनेमा त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि त्यातला हीरो डावखुरा नाही.

"गुरुजी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे."

"मी बी काही कानानं नाई पाह्यलं, बाई."

लोक हसले. इथे मी गप्प बसायला हवं होतं. अध्यक्षांनी माझ्यापुढे पाण्याचा पेलाही सरकवला होता. पण मी काय म्हणाले? म्हणाले, याच सभागृहात तो सिनेमा लावते. हीरो उजवा निघाला तर उद्यापासून शिक्का उजव्या हातानं मारीन. आणि डावा निघाला तर गुरुजींनी रंजूच्या आजीला सांगायचं, की पोरीला तिच्या हातानं लिहू दे.

गुरुजी सरळ माणूस. लगेच कबूल झाले. तेवढ्यात आजीनं बसल्या जागेवरून पुरवणी जोडली, की उजवा निघाला तर मंग म्याडमनं आमच्या घरच्या गोष्टीत मधात पडायचं नाई. सगळ्यांसमक्ष ठरलं. रंजू माझ्याकडे बघत होती. त्या नजरेपुढे मला एकदाही शंका आली नाही, हो. माणसाला एवढी खात्री असू नये.

पुढचे काही दिवस हिंगणघाटात दुसरा विषय नव्हता. भाजीवाली मला कोथिंबीर देताना मुद्दाम हात बदलायची. वाचनालयात न फिरकणारे लोक येऊन मी कसा शिक्का मारते ते बघून जायचे. मी गावातले सगळे डावखुरे हुडकून काढले. बरेच निघाले बरं का. कुणी दुकानात लपून डाव्यानं हिशेब करायचं, कुणी घरात दार लावून डाव्यानं दाढी करायचं. सगळ्यांना म्हटलं, या, आपला माणूस बघायला या.

गणपतीत भाड्यानं आणतात तसा टीव्ही आणि व्हीसीआर आणला. नागपूरहून कॅसेट मिळवली. एवढंही मला पुरेसं वाटलं नाही. साक्षीदार हवा म्हणून मी समुद्रपूरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ कौसल्या आत्याला निरोप धाडला, की त्या डाकूच्या सिनेमाची साक्ष द्यायला येजो. आत्या आली. बरोबर डबाभर चिवडा आणि बसायला पोतं. मी विचारलं, तुला आठवतो ना तो सिनेमा? म्हणाली, सबन आठवते. मला आणखी काय पाहिजे?

त्या संध्याकाळी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे सतरंजीवर माझे डावखुरे, मधोमध रंजू. तिचा डावा हात त्या दिवशी मांडीवर मोकळा होता. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत गुरुजी, अध्यक्ष आणि आजी. मी टीव्हीच्या बाजूला, लग्नघरातल्या यजमानासारखी.

सिनेमा सुरू झाला. नावं आली. मला जरा चमकल्यासारखं झालं, कारण ती इंग्रजीत नव्हती. चांगली देवनागरी होती. मग घोडा आला, पण मला आठवत होता त्याच्या दुसऱ्याच बाजूनं. हीरो उतरला. त्यानं पिस्तूल काढलं.

उजव्या हातानं.

गुरुजींनी घसा खाकरला. मी ताडकन म्हटलं, कॅसेट उलटी लावली आहे. व्हीसीआरवाला म्हणाला, म्याडम, उलटी लावली तर आतच जात नाही. मग टीव्हीत बिघाड असणार म्हणून मी उठले आणि टीव्हीच्या मागे जाऊन पाहिलं. हो, पाहिलं. तिथे वायरी होत्या. आता तुम्ही म्हणाल शिकलेली बाई. पण मला तेव्हा काहीही करून तो माणूस डावा हवा होता.

थांबा, म्हटलं, जेवायचा प्रसंग येऊ द्या.

तो आला. आईनं ताट वाढलं. त्यानं उजव्या हातानं घास उचलला आणि आईनं त्याला पदरानं वारा घातला. तो वारा बघून मला एकदम फ्रॉकमधल्यासारखं रडू आलं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच कुणाचा वारा घेत होते. वळून रंजूकडे बघायची हिंमत झाली नाही. म्हणून मी आत्याकडे वळले. ती चिवडा खात होती.

"आत्या, हा तंबूत डाव्या हातानं जेवत होता की नाही? सांग सगळ्यांना."

"जेवत होता ना," आत्या म्हणाली. मी गुरुजींकडे मान वळवणार, तोच तिनं पुढचा घास तोंडात टाकत वाक्य पुरं केलं. "आपण पडद्याच्या मागं बसत होतो ना वं, सुमे. मशीन पलीकडं, गडीमाणसं पलीकडं. मागून सबन उलटं दिसे."

व्हीसीआरवाल्यानं सिनेमा थांबवला होता. त्यामुळे हे सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"आणि ती नावं? तू मला इंग्रजी म्हणाली होतीस."

"मले काय मालूम? मले सुलटं बी वाचता येत नाई."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू पिक्चर पाहाले बोलावलं," आत्या म्हणाली. "पिक्चर चालू असताना मी मधात काऊन बोलू?"

पुढचं काही मला नीट ऐकू आलं नाही, कारण लोक हसत होते. अध्यक्ष हसत होते. व्हीसीआरवाला टीव्हीला धरून हसत होता. गुरुजींनी तेवढा रुमाल तोंडावर धरला, चांगला माणूस. डोळ्यांसमोरून माझा सगळा तंबू उलटून गेला. सगळे घोडे, सगळे राजे, आणि ते देव, ज्यांच्या हातांचा पत्ता लागत नव्हता. मी पाच वर्षं सिनेमे पाठीमागून पाहिले होते, आणि त्यावर भाषण दिलं होतं.

मी म्हटलं, बंद करा आता. पण लोक कसले ऐकतात. पाहू द्या की, म्हणाले. सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि खलनायक आला. काळे कपडे, कपाळावर वण, एका हातात दारूचा पेला.

डाव्या हातात.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हीरो उलटला म्हणजे खलनायकही उलटणार ना? त्यानं डाव्यानं पेला फेकला, डाव्यानं चाबूक उचलला, मान मागे टाकून असा हसला की टीव्हीचा आवाज फाटला. सतरंजीवर रंजू उभी राहिली. तिचा चेहरा असा खुलला होता, की पोत्यावर उभी राहिलेली मीही तेव्हा तशीच दिसले असेन.

"म्याडम," ती म्हणाली, "हा पाहा माह्यासारखा."

त्यानंतर माझ्या डावखुऱ्यांनी जो धुमाकूळ घातला तो विचारू नका. खलनायक आला की टाळ्या. त्यानं गाव जाळलं, टाळ्या. शेवटी हीरोनं त्याला कड्यावरून ढकललं तेव्हा सगळं सभागृह खूश आणि माझी सतरंजी दुःखात. रंजू तर रडली. आजी तिला उचलून घेऊन गेली, आणि जाताना माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ठरलेली अट आठवून खाली बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शिक्का उजव्या हातानं मारायला लागले. शिक्का तारखेच्या चौकटीत सोडून सगळीकडे उमटायचा. एकदा झाडे गुरुजींच्या अंगठ्यावर उमटला. तेच म्हणाले, बाई, जाऊ द्या, अट माफ. मी म्हटलं, नाही गुरुजी, शब्द म्हणजे शब्द. रागानं म्हटलं. हरलेल्या माणसाला कुणी मोठेपणा दाखवला की जास्त झोंबतं.

आठवड्याभरानं रंजूची आजी वाचनालयात आली. रंजू तिच्या मागे. दुपारची वेळ, वाचनकक्ष भरलेला. मी मनाशी पक्कं केलं, की मधे पडायचं नाही. आजी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, म्याडम, तुमी जिंकल्या.

मला वाटलं टोमणा आहे. पण ती थकली होती. सांगत होती, की त्या दिवसापासून पोरगी उजव्या हातानं घासच घेत नाही. हात बांधायला गेलं की मान मागे टाकून त्या सिनेमातल्या मुडद्यासारखी हसते. ते हसणं ऐकून शेजारची म्हैस एक दिवस दूधच देईना. घरी पाहुणे आले होते, ते चहा न घेता उठले.

"जेव म्हटलं डाव्यानं," आजी म्हणाली. "लिव्ह म्हटलं डाव्यानं. मी आता काही बोलत नाई. पण ते हसणं बंद करा तिचं."

बघा आता. माझं भाषण, माझा हीरो, त्याच्या आईचा पदर, सगळं वाया गेलं, आणि त्या काळ्या कपड्यातल्या माणसानं एका संध्याकाळी काम फत्ते केलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आधी अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. तरी मी ग्रंथपालाचा आवाज काढून रंजूला विचारलं, काय गं, कशी हसतेस तू?

हे विचारायला नको होतं. रंजूनं पाय फाकवले, मान मागे टाकली आणि हसली. वाचनकक्षात एकजण खुर्चीसकट मागे सरकला. कपाटाच्या काचा थरथरल्या. वर्तमानपत्राआडून झाडे गुरुजींनी डोकं बाहेर काढलं आणि त्यांच्या त्या सौम्य आवाजात विचारलं, "हे कोणं शिकवलं बापा तुले?"

रंजूनं हसणं थांबवलं. सगळे वाचक तिच्याकडे बघत होते. तिनं डावा हात खांद्यातून सरळ केला, पिस्तूल रोखतात तसं बोट माझ्या छातीवर रोखलं आणि म्हणाली, "या म्याडमनं."